धार आणि गोडवा : 'प्रिटी मेड्स'च्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स

'रेड, हॉट अँड हेवी' या रेकॉर्डवर सुई टेकवली की आधी गिटार ऐकू येत नाही. ऐकू येतो तो भव्य समूहस्वर, कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या 'कार्मिना बुराना'तला, नियतीला उद्देशून गायलेला. १९३७ साली फ्रँकफर्टच्या रंगमंचावर पहिल्यांदा सादर झालेली ही रचना १९८४ साली डेन्मार्कमधल्या काही तरुणांनी आपल्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डच्या दारात तोरणासारखी टांगली. तो घोष टिपेला पोचतो आणि पाठोपाठ 'बॅक टू बॅक' हे गाणे अंगावर येते : पळत्या ड्रम्सवर दोन गिटारी, खरखरीत आवाजात ओरडल्यासारखी कडवी आणि मग, अपेक्षा नसताना, सहज गुणगुणता येईल असे ध्रुवपद. प्रिटी मेड्स या बँडची सगळी गोष्ट या काही मिनिटांत सामावलेली आहे. पुढची प्रकरणे म्हणजे या काही मिनिटांचा सविस्तर उलगडा.

बँड हॉर्सन्सचा. जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, ऑर्हुसच्या दक्षिणेला, एका फ्योर्डच्या टोकाशी वसलेले हे कारखानदारीचे गाव. डॅनिश माणसाला ते दोन गोष्टींसाठी ठाऊक : सामुद्रधुनीला ज्याचे नाव मिळाले तो दर्यावर्दी व्हिटुस बेरिंग इथे जन्मला, आणि देशातला एक नामांकित तुरुंग इथे होता. तो तुरुंग २००६ साली बंद झाला आणि आज त्याच आवारात मोठमोठ्या मैफली होतात. १९८१ साली मात्र इथे रॉकचे नाव काढावे असे फारसे काही नव्हते. गायक रॉनी ॲटकिन्स आणि गिटारवादक केन हॅमर यांनी बँड उभा केला तो याच गावात. ॲटकिन्सचे खरे नाव पॉल क्रिस्टेन्सन. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या मुलांनी इंग्रजी वळणाची नावे घेतली आणि गाणीही इंग्रजीतच लिहिली. पन्नास-एक लाख लोकवस्तीच्या देशात हेवी मेटल वाजवून पोट भरायचे तर श्रोते सीमेपलीकडेच शोधावे लागणार, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

त्या काळच्या डेन्मार्कबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. राजधानी कोपनहेगनमध्ये 'मर्सिफुल फेट' हा बँड किंग डायमंड या गायकाच्या किंचाळत्या उंच स्वरांवर आणि सैतानी कथांवर आपली वेगळी वाट काढत होता. त्यांची 'मेलिसा' १९८३ साली आली. त्याच शहरातल्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन यांच्या हाताखाली मेटॅलिकाने 'राइड द लाइटनिंग' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' मुद्रित केल्या. मेटॅलिकाचा ड्रमवादक लार्स उलरिक मूळचा कोपनहेगनजवळच्या गेन्टोफ्टचा. थोडक्यात, ऐंशीच्या दशकात हेवी मेटलच्या नकाशावर डेन्मार्कचा ठिपका त्याच्या आकारमानापेक्षा बराच ठळक होता. मात्र हा ठळकपणा आला तो जास्त वेगवान, जास्त काळ्या संगीतामुळे. हॉर्सन्सच्या मुलांची ओढ दुसरीकडेच होती.

ही ओढ समजण्यासाठी १९८४ साल डोळ्यांसमोर आणावे लागेल. हेवी मेटलचे तेव्हा उघड दोन तट पडत होते. एकीकडे वेग आणि आक्रमकता यांची शर्यत लागली होती. मेटॅलिकाची 'किल 'एम ऑल' आदल्याच वर्षी आली होती आणि तिने कित्येकांना गिटारच्या तारा फाडायला शिकवले होते. दुसरीकडे डेफ लेपर्डच्या 'पायरोमेनिया'ने लाखोंच्या खपाचा रस्ता दाखवला होता. सुबक ध्रुवपदे, चकचकीत ध्वनिमुद्रण आणि रेडिओला रुचेल असा गोडवा, ही त्या रस्त्यावरची शिदोरी. बहुतेक बँड एक तट निवडत होते. प्रिटी मेड्सनी निवड करायचेच नाकारले. त्यांनी दोन्ही टोके एकाच गाण्यात बांधली : कडव्यात धार, ध्रुवपदात गोडवा. कीर्तनात बुवांचे निरूपण एकट्याचे असते आणि ध्रुवपद आले की मागचे टाळकरी सावरून उभे राहतात, तशी काहीशी ही रचना. ॲटकिन्सकडे त्यासाठी लागणारे दोन आवाज होते. एक घशातून खरवडून काढलेला, दुसरा मोकळा, लांब आणि सुरेल. विशीच्या उंबरठ्यावरचा हा मुलगा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना आवाज बदलत असे आणि सांधा कळत नसे.

माझे म्हणणे एवढेच आहे : प्रिटी मेड्सच्या पहिल्या काही रेकॉर्ड्स म्हणजे हा तोल कसा सापडला, कसा पक्का झाला आणि कसा ढळला याचा इतिहास आहे. तो इतिहास सुट्या गाण्यांत सापडत नाही. त्यासाठी त्या रेकॉर्ड्स सलग, बाजू न चुकवता ऐकाव्या लागतात.

रेकॉर्ड्सच का, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे भाबडे उत्तर मला द्यायचे नाही. विनाइलचा आवाज 'उबदार' असतो असे म्हणण्याची रीत आहे. त्यात तथ्य थोडे आणि हौस जास्त. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : तबकडीला मर्यादा असतात आणि १९८४ सालचे संगीत त्या मर्यादांना धरून रचले जात होते. एलपीचा व्यास ३० सेंटिमीटर, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. तेवढ्या वेळात बाहेरच्या खाचेची सुमारे ९० सेंटिमीटर लांबी सुईखालून जाते, तर लेबलजवळच्या शेवटच्या खाचेची जेमतेम ४०. जितकी लांबी कमी, तितके बारीक कंगोरे एकमेकांना चिकटलेले. म्हणून आतल्या खाचांत झांजांची किणकिण आणि गायकाचे 'स', 'श' विस्कटू लागतात. खर्जाच्या सुरांना खाच डावी-उजवीकडे जास्त हलावी लागते, त्याला जागा लागते. आवाज मोठा ठेवायचा तर खाचा रुंद होतात आणि वेळ कमी उरतो. अंगात दम असलेली मेटल रेकॉर्ड हवी असेल तर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. खर्ज दाबून आणि टीप उचलून खाच कोरायची आणि वाजवताना ॲम्प्लिफायरने ते उलटे करायचे, हा १९५० च्या दशकात ठरलेला नियमही याच अडचणीवरचा तोडगा आहे.

या तांत्रिक गोष्टी सांगितल्या त्या गाण्यांच्या क्रमासाठी. दोन बाजू म्हणजे दोन सुरुवाती आणि दोन शेवट. वीस मिनिटांत श्रोत्याला पकडायचे, सोडायचे आणि उठून तबकडी उलटण्याइतकी ओढ मागे ठेवायची. सर्वांत जोरकस गाणे बाहेरच्या खाचेत ठेवण्याला तांत्रिक आधारही होता. 'रेड, हॉट अँड हेवी' दहा तुकड्यांत संपते आणि त्यात भरताड म्हणता येईल असे काही नाही. ही शिस्त बँडच्या अंगी होती की तबकडीने लावली, याचा निर्णय वाचकाने ऐकून करावा. माझा कल तबकडीकडे आहे.

सुरुवात अर्थात त्याआधीची. १९८३ साली बुलेट या छोट्या ब्रिटिश कंपनीने बँडच्याच नावाची एक छोटी रेकॉर्ड काढली. तिच्यावर ब्रिटनमधल्या नव्या हेवी मेटल लाटेचा ठसा उघड दिसतो. गिटारींचा आवाज पातळ, उत्साह उदंड. पण 'चिल्ड्रन ऑफ टुमॉरो' ऐकताना ध्रुवपद बांधण्याची हातोटी दिसू लागते. ती ऐकून असो वा नसो, सीबीएससारख्या बड्या कंपनीने त्यांना घेतले आणि वर्षभरात पहिली पूर्ण लांबीची रेकॉर्ड आली. निर्माता होता बिली क्रॉस. हा मूळचा न्यूयॉर्कचा गिटारवादक १९७८ साली बॉब डिलनच्या ताफ्यात होता आणि पुढे डेन्मार्कमध्येच स्थायिक झाला. मेटलशी त्याचा फारसा संबंध नव्हता, आणि तेच पथ्यावर पडले असावे. गिटारी पुढे आहेत, पण ॲलन ओवेनचे की-बोर्ड त्यांच्या मागे दडपलेले नाहीत. 'कोल्ड किलर' आणि 'नाइट डेंजर'मध्ये धार, 'अ प्लेस इन द नाइट' आणि 'क्वीन ऑफ ड्रीम्स'मध्ये गोडवा, आणि शीर्षकगीतात दोन्ही.

या रेकॉर्डचा शेवट 'लिटल डार्लिंग'ने होतो. हे गाणे त्यांचे नाही, थिन लिझीचे आहे. मला ते फार महत्त्वाचे वाटते. थिन लिझीच्या फिल लिनॉटने, डब्लिनच्या या गायकाने, सत्तरच्या दशकात दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून गायला लावल्या होत्या आणि दांडगट रॉकमध्ये हळवा माणूस दाखवला होता. प्रिटी मेड्सचे कूळ शोधायचे तर ते इथे सापडते. ज्यांना ते आयर्न मेडनचे किंवा युरोप या स्वीडिश बँडचे नातलग वाटतात, त्यांनी हे शेवटचे गाणे पुन्हा ऐकावे.

तीन वर्षांनी, १९८७ साली, 'फ्यूचर वर्ल्ड' आली. मधल्या काळात शेजारच्या स्वीडनमधल्या युरोपने 'द फायनल काउंटडाउन'च्या की-बोर्डने जग जिंकले होते आणि उत्तर युरोपातल्या प्रत्येक सुरेल बँडकडे कंपन्या नव्या नजरेने बघत होत्या. सीबीएसने या वेळी एडी क्रेमर यांना आणले. जिमी हेंड्रिक्सचे ध्वनिमुद्रण करणारे, लेड झेपेलिन आणि किससाठी काम केलेले हे नाव. आता पैसा दिसतो. आवाज खोल, ड्रम्स मोठ्या दालनात वाजल्यासारखे, की-बोर्ड पुढच्या रांगेत. शीर्षकगीत यंत्रांच्या हाती जाणाऱ्या उद्याची भीती सांगते, तीही अशा चालीवर की ऐकणारा आनंदाने गाऊ लागतो. 'लव्ह गेम्स' सरळसरळ रेडिओसाठी आहे आणि त्याची लाज बाळगत नाही. चौथे गाणे 'यलो रेन' मात्र या बँडचे शिखर म्हणावे असे : हळुवार सुरुवात, मग युद्धावरचे जड, संतप्त गाणे, आणि त्यातही ध्रुवपद विसरता येऊ नये असे. 'लाउड अँड प्राउड' आणि 'नीडल्स इन द डार्क' यांचा वेग पाहिला की कंपनीच्या दडपणाखाली बँडने आपली धार विकली, हा आरोप टिकत नाही.

त्याच वर्षी जर्मनीतल्या 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सवात डीप पर्पल आणि डिओसारखे बुजुर्ग होते, मेटॅलिका आणि हेलोवीन होते, रॅट आणि सिंडरेला हे अमेरिकी गुळगुळीत बँडही होते. प्रिटी मेड्स त्याच मंचावर वाजवून गेले. मेटलचे दोन्ही तट एका दिवसात ऐकायला आलेल्या गर्दीत या एका बँडकडे दोन्हींची चावी होती. व्यवहारात मात्र अशा बँडची अडचण होते. दुकानदाराला त्याची रेकॉर्ड कोणत्या कप्प्यात ठेवावी हे कळत नाही.

पुढचे पाऊल म्हणजे १९९० ची 'जंप द गन', अमेरिकेत 'लीथल हीरोज' या नावाने निघालेली. आता निर्माता खुद्द डीप पर्पलचा बासवादक रॉजर ग्लोव्हर, ज्याने जुडास प्रीस्टची 'सिन आफ्टर सिन' आणि रेनबोच्या रेकॉर्ड्स घडवल्या होत्या. कंपनीही बदलली होती : सीबीएसचा रेकॉर्ड व्यवसाय १९८८ साली सोनीने विकत घेतला होता. गाणी चांगली आहेत. 'सॅव्हेज हार्ट' हे संथ गाणे तर ॲटकिन्सच्या गायकीचा उत्तम नमुना आहे. पण सगळे जरा जास्त झाले आहे. गाण्यांची संख्या वाढली, कोरस जाड झाले, कोपरे घासून गोल झाले. सीडीच्या जमान्यात वेळेची टंचाई उरली नव्हती आणि ती टंचाई किती मोलाची होती हे इथे कळते. कडवे आणि ध्रुवपद यांतला ताण सैल पडला की प्रिटी मेड्स इतरांसारखे होतात. या रेकॉर्डनंतर बँड फुटला. उरले ते पहिले दोघे, ॲटकिन्स आणि हॅमर.

त्यांनी नवे साथीदार घेतले आणि १९९२ साली फ्लेमिंग रासमुसेन यांच्याकडून 'सिन-डिकेड' करून घेतली. धार परतली, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. नियतीचा खेळ असा की तिच्यातले गाजले ते सर्वांत मऊ गाणे : 'प्लीज डोन्ट लीव्ह मी'. डेन्मार्कमध्ये आजही बँडचे नाव काढले की लोकांना आधी तेच आठवते. हे गाणेही त्यांचे नाही. जॉन साइक्स या गिटारवादकाने ते १९८२ साली काढले होते आणि गायला होता फिल लिनॉट. म्हणजे आठ वर्षांच्या या प्रवासाच्या दोन्ही टोकांना एकच आयरिश आवाज उभा आहे. ॲटकिन्स आणि हॅमर यांना आपण कुठून आलो हे ठाऊक होते. त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांना ते क्वचितच दिसले.

त्यांचे पुढे काय झाले? यश मिळाले, पण हुकलेच जास्त. अमेरिका हाती लागली नाही. सिअ‍ॅटलचे ग्रंज आले आणि सुरेल मेटल जुनाट ठरले. तरी त्यांनी पेरलेले उगवले. स्वीडनच्या हॅमरफॉलने १९९८ साली 'लेगसी ऑफ किंग्ज'वर 'बॅक टू बॅक' गायले, तेव्हा वेगवान मेटलवर गाता येणारी ध्रुवपदे हा उत्तर युरोपात एक रुळलेला प्रकार झाला होता. हेलोवीनच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'च्या निर्मात्यांपैकी एक, टॉमी हॅन्सन, डॅनिशच, आणि त्यांचा जेलहाउस स्टुडिओ हॉर्सन्सचा. गावाचे ऋण असे अनेक वाटांनी पसरले. ॲटकिन्सला कर्करोगाने गाठले. आजार पसरल्याचे कळल्यावरही त्याने २०२१ साली 'वन शॉट' हा स्वतंत्र अल्बम काढला. आवाज थकलेला वाटत नाही.

मराठी वाचकापुढे हे सगळे का मांडायचे? मुंबईत १९८६ पासून रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागृहात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागले आणि कॅसेटवर कॅसेट उतरवून ऐकणारी एक पिढी घडली. पण तिच्या हाती लागले ते अमेरिका-इंग्लंडचे. छोट्या देशांचे मेटल तेव्हा सहसा इथवर पोचले नाही, आणि आता सगळे एका बोटावर आले असताना कोणत्या दारातून आत शिरावे हे सांगणारे मराठीत फारसे कुणी नाही. ही प्रकरणे त्या दारावरची पाटी आहेत.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. प्रत्येक रेकॉर्डला एक प्रकरण, प्रत्येक बाजूला त्यातला एक भाग. गाण्यांचे शब्द उद्धृत केलेले नाहीत. ते ऐकावेत. निर्मिती आणि वाद्ये यांवर जागा जास्त खर्ची घातली आहे, बँडमधल्या भांडणांवर कमी. 'सिन-डिकेड' शेवटच्या प्रकरणात येते, कारण रेकॉर्डच्या युगाचा हिशेब तिथे मिटतो.

ज्यांना मूळ तबकड्या जमवायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. युरोपातल्या सीबीएसच्या रेकॉर्ड्स मोठ्या प्रमाणात हॉलंडमधल्या हार्लेमच्या कारखान्यात दाबल्या जात, त्यामुळे कव्हरवर हॉलंडचे नाव दिसले तर बिचकू नये. शेवटच्या खाचेपुढच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेले आकडे पाहावेत. छपाई कोणती ते तिथे कळते, कव्हरवरून नाही. पहिली छपाई म्हणजे चांगली छपाई असे नसते. जाड सुईने झिजवलेल्या जुन्या प्रतीपेक्षा काळजीपूर्वक केलेली नवी आवृत्ती बरी. फक्त नव्या आवृत्तीत आवाज सरसकट चढवून सपाट केलेला नाही ना, एवढे ऐकून घ्यावे. 'बॅक टू बॅक'आधीचा समूहस्वर आणि त्यानंतरच्या गिटारी एकाच जोराच्या वाटल्या तर ती प्रत परत करावी. टर्नटेबल नसेल तरी हरकत नाही. गाण्यांचा मूळ क्रम लावावा, पाच गाण्यांनंतर थांबावे, उठावे आणि मग पुढचे ऐकावे.

एकच रेकॉर्ड घ्यायची तर कोणती, असे कुणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. शिखर 'फ्यूचर वर्ल्ड'मध्ये आहे, पण सलग ऐकायची रेकॉर्ड 'रेड, हॉट अँड हेवी'च. वाचकाने आधी ती ऐकावी, नंतर पहिले प्रकरण उघडावे, आणि माझे म्हणणे पटले नाही तर निःसंकोच खोडून काढावे.